काळाकुट्ट आणि काळाभोर

मराठीत काळा एकटा फिरत नाही. अवसेची रात्र काळीकुट्ट असते, केस काळेभोर, घोटलेल्या दगडाची मूर्ती काळीशार आणि पावसात भिजलेला कातळ काळाकभिन्न. पांढऱ्याचंही तसंच. नुकतं धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, आणि वाईट बातमी ऐकून चेहरा होतो तो पांढराफटक. हे शब्द ज्यांच्या तोंडी घडले त्यांनी डार्करूमचं दार कधी पाहिलं नसेल; पण कृष्णधवल छपाईत जे काही पारखायचं असतं ते या चार-सहा शब्दांत आधीच येऊन बसलं आहे.

मला ते कळलं एका जिन्याखालच्या खोलीत. कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी एका स्टुडिओत उमेदवारी केली. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, असं काम. खोलीत लाल दिवा, ओळीने तीन ट्रे, कोपऱ्यात एन्लार्जर, आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, तो वास, जो रात्री भाताचा घास घेताना बोटांना यायचा. मी काढलेली प्रिंट चिमट्याने उचलून मास्तर दिव्याखाली धरायचे आणि नवरदेवाच्या कोटावर नखाने टिचकी मारायचे. "अरे, हे काळं मेलंय. बोट घालून बघ, आत जातंय का?" बोट अर्थातच कागदावर अडायचं. पण त्यांनी काढलेल्या प्रिंटमधल्या कोटात ते खरंच आत जाईल असं वाटायचं. तोच कोट, तीच निगेटिव्ह, त्याच पाकिटातला कागद. माझा काळाकुट्ट, त्यांचा काळाभोर.

पुढे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हे छायाचित्र पाहिलं तेव्हा पहिल्यांदा मास्तरांचं नख आठवलं. आधी पुस्तकांत पाहिलं होतं, मग कॅलेंडरवर, आणि मूळ प्रिंट एकदाच, काचेआड, परदेशातल्या एका प्रदर्शनात. तिच्यासमोर इतका वेळ उभा होतो की पहारेकरी दोनदा माझ्यामागून फिरून गेला.

चित्रात आहे ते एवढंच. निम्म्याहून जास्त जागा आकाशाने घेतली आहे, आणि ते आकाश काळं. त्यात एक लहानसा चंद्र. पूर्ण गोल नाही, पौर्णिमेला दोन-तीन दिवस बाकी असलेला. त्याच्या खाली लांबवर आडवा ढगांचा उजळ पट्टा, त्याखाली बर्फाचे डोंगर. मग जमीन: खुरट्या झुडपांचं माळरान, मातीच्या भिंतींची बसकी घरं, एक छोटं चर्च आणि त्याला लागून दफनभूमी. दफनभूमीत पांढरे क्रूस. माणूस एकही नाही.

बहुतेक लोकांना हे रात्रीचं चित्र वाटतं. मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात सूर्य अजून मावळलेला नव्हता. तो अ‍ॅडम्सच्या पाठीमागे, पश्चिमेला ढगांच्या कडेशी येऊन ठेपला होता. अ‍ॅडम्स तारखांच्या बाबतीत भोंगळ माणूस, त्याने या चित्राखाली वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सालं घातली. शेवटी खगोलाच्या जाणकारांनी चंद्राची जागा आणि डोंगरांची रेघ यांवरून गणित मांडलं. पहिलं उत्तर 31 ऑक्टोबर 1941 असं आलं. पुढे डेनिस डी चिको यांनी ते तपासून दुरुस्त केलं आणि 1991 साली नवा निकाल छापला: 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं. आपल्याकडे तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. तुळशीवृंदावनावर चढतो तोच हा चंद्र. एवढ्यासाठी पंचांग काढून बसलो, हे कबूल करतो.

त्या संध्याकाळची हकीकत अ‍ॅडम्सने स्वतः सांगितली आहे आणि ती छायाचित्रकारांच्या दुनियेत दंतकथेसारखी फिरते. दिवसभर मनासारखं काही मिळालं नव्हतं. मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासह तो गाडीने परतत होता. डावी-उजवीकडे बघता बघता हे दृश्य दिसलं, गाडी कडेला घातली, सामान काढायची धावपळ झाली. आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा लाकडी पायांवरचा अवजड कॅमेरा तो. सगळं मांडून झालं आणि उजेड मोजायचा मीटर सापडेना. क्रूसांवरचं ऊन कुठल्याही क्षणी जाणार. तेव्हा त्याला चंद्राचा आकडा आठवला: चंद्राचं तेज दर चौरस फुटाला 250 कँडल. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला. फिल्मचा वेग 64, भिंगापुढे गडद पिवळा फिल्टर, छिद्र एफ 32, वेळ एक सेकंद.

या हिशेबात एक बारकी निवड आहे आणि रसिकाने तिथे थांबायला हवं. अ‍ॅडम्सची स्वतःची एक पद्धत होती, झोन सिस्टिम. फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर त्याने ती बसवली होती. अगदी काळ्याला शून्य आणि कोऱ्या कागदाच्या पांढऱ्याला दहा धरून मधल्या छटांच्या पायऱ्या पाडायच्या आणि समोरची कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची ते फोटो काढण्याआधी ठरवायचं. चंद्र त्याने सातव्या पायरीवर बसवला. दहावीवर नाही, नववीवरही नाही. म्हणजे चंद्र उजळ राहील, पण त्याच्या अंगावरचे डाग पुसले जाणार नाहीत. आठवी-नववीवर चढवला असता तर आकाशात एक पांढराफटक रुपया चिकटवल्यासारखा दिसला असता. घाईत, मीटर नसताना, माणसाने ही तीन पायऱ्यांची आब राखली. पोत शाबूत ठेवलेलं पांढरं ते शुभ्र, हे मला मास्तरांनी नवरीच्या शालूच्या जरीवर शिकवलं होतं, चंद्रावर अ‍ॅडम्सने.

चंद्राची सोय झाली, पण जमिनीची झाली नाही. माळरानाच्या सावल्या मोजायला मीटरच नव्हता. त्यामुळे निगेटिव्हवर खालचा भाग विरळ येणार हे ठरलेलं. निगेटिव्हवर जिथे उजेड कमी पडतो तिथे चांदीही कमी साठते, आणि प्रिंटमध्ये तो भाग चिखलासारखा एकजीव होतो. म्हणून डेव्हलपिंग करताना त्याने जुनी, धीराची वाट धरली. पातळ डेव्हलपरमध्ये फिल्म थोडा वेळ, मग नुसत्या पाण्यात न हलवता, पुन्हा डेव्हलपर, पुन्हा पाणी. अशा दहा फेऱ्या. पाण्यात पडून असताना फिल्मच्या सरसात मुरलेला डेव्हलपर उजळ भागांत लवकर खर्ची पडतो आणि तिथलं काम थांबतं. अंधाऱ्या भागांत तो पुरून उरतो आणि तिथली चांदी हळूहळू वाढत राहते. चंद्र जागीच थोपवायचा आणि झुडपांना हात धरून वर आणायचं, असा तो प्रकार.

तरी ती निगेटिव्ह छापायला कठीणच राहिली. सात वर्षांनी, 1948 साली, त्याने एक धाडस केलं. निगेटिव्ह पुन्हा फिक्स करून धुतली आणि तिचा फक्त खालचा भाग, जमिनीचा, चांदी वाढवणाऱ्या रसायनात थोडा थोडा वेळ बुडवून काढला. पोटाची खळगी भरावी तशी झुडपांमध्ये दाटी आली. हे वाचताना माझ्या हाताला आजही घाम सुटतो. कारण निगेटिव्ह एकच होती, आणि डोंगरांच्या रेघेवर रसायनाचा एक ओघळ गेला असता तर परतीची वाट नव्हती.

इथवर जे झालं ती छपाईची पूर्वतयारी. खरी गंमत कागदावर आहे, आणि ती तीस वर्षं चालली.

एकाच निगेटिव्हवरून अ‍ॅडम्सने या चित्राच्या शेकडो प्रिंट स्वतःच्या हाताने काढल्या. चाळिशीतल्या सुरुवातीच्या प्रिंट आणि सत्तरीतल्या प्रिंट शेजारी ठेवल्या तर दोन माणसांनी काढल्यासारख्या वाटतात. आधीच्या प्रिंटमध्ये आकाश राखाडी आहे आणि त्यात वरपर्यंत विरळ ढगांचे फराटे दिसतात. नंतर वर्षागणिक आकाश उतरत जातं, ढग विरतात, आणि शेवटच्या काळातल्या प्रिंटमध्ये वरचं आकाश जवळजवळ निव्वळ काळं होतं. त्या संध्याकाळी आपल्याला जे दिसलं ते कागदावर आणायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं होतं.

हे करायचं कसं, ते ज्याने डार्करूममध्ये रात्री काढल्या त्याला विचारावं. एन्लार्जरखाली आधी सगळ्या कागदाला मूळ उजेड द्यायचा. मग हातात पुठ्ठा घेऊन जमीन झाकायची आणि आकाशाला जास्तीचा उजेड पाजायचा. याला आमच्याकडेही 'बर्निंग'च म्हणत. उलट एखाद्या भागावर सावली धरून त्याला वाचवायचं ते 'डॉजिंग'. पुठ्ठा क्षणभरही स्थिर ठेवायचा नाही, नाहीतर त्याची कड कागदावर उमटते. डोंगरांवर पांढरी प्रभावळ दिसली किंवा शिखरं विनाकारण काजळली की चोरी पकडली जाते. या चित्रात तर अडचणीवर अडचण आहे. डोंगरांवरचा ढगांचा पट्टा उजळ राहायला हवा, त्याच्या लगेच वर अंधार सुरू व्हायला हवा, आणि तो वर जाता जाता दाटत जायला हवा. त्यात चंद्र बरोबर मध्ये बसलेला. आकाशाला पाजलेला प्रत्येक सेकंद चंद्रालाही मिळतो. निगेटिव्हवर चंद्र दाट असतो म्हणून तो बराच उजेड अडवून धरतो, पण किती वेळ? एका हद्दीनंतर त्याचाही चेहरा उतरू लागतो. आकाश पुरतं काळं आणि चंद्र अजून हसरा, या दोन्हींमध्ये उरते ती बोटभर जागा. अ‍ॅडम्स त्या बोटभर जागेत राहिला.

अ‍ॅडम्स मूळचा पियानोवादक. डार्करूममध्ये तो घड्याळापेक्षा मेट्रोनोमच्या ठोक्यांवर सेकंद मोजायचा, म्हणजे डोळे कागदावर आणि कान लयीवर. त्याच्या मोठ्या एन्लार्जरमध्ये एका दिव्याऐवजी दिव्यांची अख्खी फळी होती आणि प्रत्येक दिव्याला वेगळं बटण, त्यामुळे निगेटिव्हच्या कुठल्या कोपऱ्यामागे किती उजेड ठेवायचा हेही हातात. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट: म्हातारपणी तो चाचणीच्या प्रिंट मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वाळवायचा. ओली प्रिंट झळाळते. वाळली की पांढरे मंदावतात, सगळंच थोडं खाली उतरतं. मास्तर म्हणायचे, "ओल्या फोटोला भुलू नकोस रे, उद्या सकाळी तोंड बघ त्याचं." सकाळपर्यंत थांबायचा धीर अ‍ॅडम्सला नसावा.

शेवटी प्रिंट सेलेनियमच्या सौम्य द्रावणातून काढायची. त्याने चांदी टिकाऊ होतेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गर्द छटा आणखी एक घोट खोल जातात. चांगल्या कागदावर सगळ्यात पांढऱ्याच्या आणि सगळ्यात काळ्याच्या मध्ये जेमतेम शंभरेक पटींचं अंतर मिळतं. उन्हातल्या जगात ते हजारोंनी असतं. एवढं मोठं जग एवढ्या लहान डब्यात भरायचं तर काळ्याच्या टोकाशी मिळालेला तसूभर वावही सोन्याच्या भावाचा.

आता प्रिंटसमोर उभं राहून आकाश पाहावं. पहिल्या नजरेला सपाट वाटतं. पण खालून वर नजर नेली की कळतं, ढगांच्या पट्ट्याजवळ तो अंधार अजून थोडा श्वास घेतो आहे, चंद्राच्या आसपास दाटतो आहे आणि माथ्यावर जाऊन मिटतो आहे. हा उतार आहे म्हणून बोट आत जातं. कॅलेंडरवर आणि स्वस्त छापील भित्तिचित्रांवर हा उतारच गळतो. शाईचा एक थर, झालं. तिथे आकाश काळंकुट्ट. चित्र तेच असतं, नाव तेच असतं, आणि मास्तरांनी टिचकी मारली असती.

अ‍ॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपी म्हणायचा आणि प्रिंटला वादन. पाश्चात्य संगीताच्या माणसाला ही उपमा सुचणं साहजिक आहे. मला मात्र ती थोडी तोकडी वाटते, कारण स्वरलिपीत जवळपास प्रत्येक सूर लिहिलेला असतो. या निगेटिव्हचं नातं बंदिशीशी जास्त जवळचं. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे, चाल ठरलेली, सम ठरलेली. बाकी सगळं त्या दिवशीच्या गवयावर. आणि तीच बंदिश तोच गवई एकोणचाळिसाव्या वर्षी गातो तेव्हा एक असते, सत्तरीत गातो तेव्हा दुसरी. तरुणपणी ताना आवरत नाहीत. वय झाल्यावर तो त्या एकेक गाळतो, षड्जावर जास्त वेळ थांबतो. सुरुवातीच्या प्रिंटमधले ते वरचे विरळ ढग मला तानांसारखे वाटतात: सुरेख, कसबी, आणि पुढे जाऊन नको झालेले. उपमा मात्र फार ताणू नये. गवई वयाबरोबर आवाज खाली आणतो, अ‍ॅडम्सने चढवला. त्याच्या उतारवयातल्या प्रिंट मोठ्या झाल्या, जास्त ठसठशीत झाल्या, काही तर नाटकी झाल्या. 'मूनराइज'च्या आधीच्या प्रिंट जास्त खऱ्या, असं म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. त्या राखाडी आकाशाखाली हर्नांडेझ हे खरोखर एक गाव दिसतं. दुपार कलल्यावर चुली पेटायच्या आधीचं. काळ्या आकाशाखाली ते गाव कुठल्याही नकाशाबाहेर जातं.

फसवणुकीचा आरोपही होतो. आकाश असं नव्हतंच, मग हे छायाचित्र कसलं? याचा मला फारसा त्रास होत नाही. पिवळ्या फिल्टरने आकाश आधीच उतरलं होतं, आणि कृष्णधवल हीच मुळात न दिसणारी गोष्ट आहे. जगाचे रंग काढून घेतल्यावर त्याचा आवाज कुठे ठेवायचा हे कुणाला तरी ठरवावंच लागतं.

मला राहून राहून छळतो तो वेगळाच प्रश्न. शेकडो प्रिंट, प्रत्येक वेळी तो अंधार नव्याने पाजायचा, पुठ्ठा त्याच गतीने हलवायचा, आणि पुन्हा थोडं अधिक काळं. कशासाठी? नाव चंद्रोदयाचं आहे म्हणून आपण चंद्राकडे बघतो. पण आकाश गर्द होत जाताना चंद्राला फारसं काही मिळत नाही, तो पहिल्यापासून सातव्या पायरीवर सुखात आहे. मिळतं ते खालच्या क्रूसांना. आधीच्या प्रिंटमध्ये उजळ आकाश, उजळ ढग, बर्फ, भिंती आणि क्रूस असे सगळे नजर ओढत असतात. वरचा गलबला थांबला की खालच्या अर्ध्यात बारीक पांढऱ्या रेघा एकेक करून वेगळ्या दिसू लागतात. मग ध्यानात येतं की या चित्रात दोनच ठिकाणी उजेड बोलतो आहे, वर चंद्र आणि खाली क्रूस, आणि दोघांवर पडलेलं ऊन एकाच सूर्याचं आहे, जो चित्रात कुठेच नाही. तो छायाचित्रकाराच्या पाठीमागे आहे. चंद्रावरचं ऊन रात्रभर टिकणार होतं. क्रूसांवरचं नव्हतं.

एका सेकंदाचं ते एक्स्पोजर झाल्यावर अ‍ॅडम्सला वाटलं, हाताशी दुसरी निगेटिव्ह असावी. त्या कॅमेऱ्याच्या होल्डरमध्ये पुढे-मागे मिळून दोन फिल्म असतात. त्याने होल्डर घाईने काढला, उलटा केला, परत बसवला आणि फिल्मपुढची पट्टी ओढली. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला आणि क्रूस विझले.